हेवा वाटावा अशी भिंत : बाबांसोबत अमेरिकेतल्या दोन कॉलेजगावांत

‘मले काय करायचं त्या अमेरिकेत? इथं कूलर लावून पडून राहीन ना मी!’ बाबांनी पहिल्या झटक्यात नकार दिला. मग माझ्या भावाच्या मुलीचा, सोनलचा, तिकडून फोन आला. ‘आबा, तुम्ही आले नाही तं मी पीएचडीची टोपी घालणारच नाही.’ पुढच्याच आठवड्यात बाबा नागपुरातल्या हुडकेश्वरच्या टेलरकडे कोट शिवायला गेले.

बाबा नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढं. मी मौद्याच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. सोनलची पदवी दक्षिणेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात आणि नवी नोकरी उत्तरेत कनेक्टिकटमध्ये. म्हणजे पदवीदान बघायचं आणि तिचं बिऱ्हाड हलवायला मदत करायची, असा आमचा बेत. दोन्ही कॉलेजांची नावं मुद्दाम देत नाही.

घरातल्या वयस्कर माणसांना नेणार असाल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या. बाबा आधी चिडले, पण इमिग्रेशनच्या लांबलचक रांगेशेजारून ढकलत नेल्यावर हात हलवत हसायला लागले. विमान बदलत अटलांटा, आणि तिथून सोनलच्या मैत्रिणीच्या गाडीनं पुढं. मे महिन्यात दक्षिणेत उकाडा असतो, पण नागपूरच्या माणसाला तो थंडाव्यासारखाच वाटतो. सकाळच्या न्याहारीला तिथं मक्याच्या कण्या मिळतात. आम्ही त्यावर घरून नेलेला ठेचा घातला आणि बाबांचा जम बसला.

दुसऱ्या दिवशी सोनलनं लॉरेनशी ओळख करून दिली. लॉरेन कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. काळी, उंच, साठीची बाई. तिनं आम्हाला जुन्या इमारतीमागच्या हिरवळीवर नेलं. तिथं एक लांब दगडी भिंत होती. हे कॉलेज ज्या गुलामांनी बांधलं, ज्यांनी इथं विटा भाजल्या, स्वयंपाक केला, त्यांची नावं तिच्यावर कोरलेली. आडनाव नाही, नुसतं नाव. जिथं नावही सापडलं नाही तिथं ‘स्वयंपाकीण’, ‘सुतार’, ‘एक मुलगी’ एवढंच. लॉरेननं एका नावावर बोट ठेवलं. ‘ही माझ्या पणजीची आई.’

कुत्रं फिरवणारे एक गोरे आजोबा जाता जाता म्हणाले, ‘आणखी किती दिवस माफी मागायची आम्ही?’

‘सुरुवात कधी केलीत?’ लॉरेननं हसून विचारलं. आजोबा थांबले, आणि दोघांची तिथंच जुंपली. शिव्या नाहीत, पण आवाज चांगले चढलेले.

मला काय वाटलं, खरं सांगू? दुःख वगैरे नंतर. आधी हेवा वाटला. त्या भिंतीचा, त्या कोरलेल्या अक्षरांचा. त्या भांडणाचासुद्धा, कारण ती गोष्ट घडली की नाही यावर ते भांडत नव्हते. घडली हे दोघांनाही मान्य होतं.

जेवायला बसल्यावर बाबा पाण्याचा ग्लास हातात धरून म्हणाले, ‘आमच्या कॉलेजात आमचा माठ वेगळा होता.’

पन्नास वर्षांची झाले, पण हे कधी ऐकलं नव्हतं.

‘दीक्षा घेऊन चार-पाच वर्सं झाली होती. म्या समजलो, कॉलेज म्हंजे शिकेल लोक. पह्यल्या दिवशी शिपायानं सायकल स्टँडमागं माठ दाखवला. म्हणे, तुमचा तो. झाकण नव्हतं त्याले. पाल पडे त्यात कधी कधी.’

‘कधी सांगितलं काहून नाही, बाबा?’

‘कोणी इचारलं वं?’

सोनलनं हे समोर बसलेल्या लॉरेनला इंग्रजीत सांगितलं. तिनं दीक्षेबद्दल विचारलं. दरवर्षी त्या दिवसासाठी नागपुरात लाखो लोक पांढरे कपडे घालून येतात, पुस्तकं विकत घेऊन जातात, हे ऐकून तिचे डोळे मोठे झाले.

‘लाखो? स्वतःहून येतात?’ ती म्हणाली. ‘मला तुमचा हेवा वाटतो. आमची भिंत कॉलेजनं बांधली. उद्घाटनाला गर्दी होती, आता कुत्री येतात. आणि माझ्या आईची गल्ली याच कॉलेजनं वसतिगृहासाठी विकत घेतली.’

म्हणजे ती आमच्या गर्दीवर जळत होती आणि मी तिच्या भिंतीवर. बाबा म्हणाले, ‘अदलाबदल करता येत असती तं किती बरं झालं असतं.’ पदवीदानाच्या दिवशी लॉरेन कोटातल्या बाबांशेजारी बसली. सोनलचं नाव पुकारल्यावर दोघांनी एकदमच शिट्टी मारली.

मग सामान गाडीत कोंबून उत्तरेकडे. दोन दिवसांचा रस्ता. वाटेतली मोटेलं स्वस्त आणि स्वच्छ असतात. कनेक्टिकटमध्ये मात्र राहणं आणि जेवण चांगलंच महाग, तेव्हा पोळ्या स्वतः करता येतील अशी खोली बघा. हे गाव चित्रातल्यासारखं आहे. दारोदारी ‘इथं सर्वांचं स्वागत आहे’ अशा पाट्या. भिंत कुठंच नाही.

सोनलच्या विभागातले एक वयस्कर गोरे प्राध्यापक आम्हाला कॉलेज दाखवायला आले. अगदी अदबशीर माणूस, बाबांचा हात धरून पायऱ्या चढवणारा. मी दक्षिणेतल्या भिंतीबद्दल सांगितलं.

‘त्यांना गरजच आहे तिची,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडे तसं काही नव्हतं. आम्ही तर विरोधात होतो.’

सोनलनं विचारलं, ‘मग या इमारतीला ज्याचं नाव आहे, त्याच्या जहाजांतली साखर कुठल्या गुलामांच्या मळ्यांतून यायची, सर?’

त्यांनी घड्याळ पाहिलं. ‘तो फार गुंतागुंतीचा विषय आहे.’

मी भाषांतर करून सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘हा तं आपल्याकडचाच माणूस दिसून राहिला.’

नागपुरात परतल्यावर बाबांना आपलं जुनं कॉलेज बघायची ओढ लागली. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही काटोलमार्गे एसटीनं गेलो. प्राचार्य तरुण होते. इतका जुना विद्यार्थी आला म्हणून शाल-श्रीफळ मागवलं, चहा दिला. बाबांनी माठाचं सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसलं.

‘पण सर,’ ते म्हणाले, ‘हे सगळं तिकडं मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात जास्त. आपल्या विदर्भात एवढं नव्हतं.’

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘सर, मी विदर्भातच तहानेला होतो.’

प्राचार्य उठून म्हणाले, ‘दाखवता का जागा?’ बाबांनी दाखवली. तिथं आता जनरेटरची खोली आहे. प्राचार्य तिथं उभे राहिले, म्हणाले, ‘संस्थेशी बोलतो.’ अजून काही कळवलेलं नाही. मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा करणार आहे.

परतीच्या बसमध्ये बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला सगळं सांगत बसले. भिंत, लॉरेन, माठ. त्यानं मन लावून ऐकलं. मग आपल्याकडं विचारतात तसं, अगदी सहज विचारलं, ‘आडनाव काय म्हणाले तुमचं, काकाजी?’

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. स्टाफरूममध्ये हा प्रश्न आला की मी उत्तर देते, पण आवाज आपोआप खाली येतो.

बाबांनी आडनाव सांगितलं. पार ड्रायव्हरपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वर ‘आन् तुमचं?’ असंही विचारलं.

या सहलीत मी पुष्कळ गोष्टींवर जळले. सगळ्यात जास्त जळले ती त्या बसमध्ये, बाबांच्या आवाजावर.