अक्षदांच्या पलीकडचा चेहरा

नवी लेन्स घरी आली त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू लावलं. ती पुढच्या काचेलाच बोट टेकवणार होती, मी जोरात ओरडलो म्हणून कडेच्या काळ्या रिंगणावर लागलं. "एवढं वरडायला काय झालं? गाडीच्या काचंला लावतो तवा चालतंय," आई म्हणाली. ते कुंकू अजून त्या रिंगणाच्या खाचेत आहे. मी ते पुसलेलं नाही.

काष्टीत माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, वाढदिवस, साखरपुडे, लग्नं, असली कामं. ही लांबचं जवळ ओढणारी झूम लेन्स मात्र मी निव्वळ हौसेपायी घेतली होती. हिवाळ्यात भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर पाखरं उतरतात, ती काठावरून टिपायची, बस. पण लेन्स आली आणि महिन्याभरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पाखरं राहिली बाजूला.

बैठकीत नवरदेवाकडच्यांनी सुपारी फुटायच्या आतच सांगून टाकलं, फोटोवाले आमचे. पुण्याहून येणार, क्रेन आणणार, ड्रोन उडवणार, स्टेजवर दुसरा कॅमेरा नको. नवरीचा सख्खा भाऊ फोटोग्राफर, आणि त्यालाच स्टेज बंद! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तापट आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे. वडिलांनी माझ्या मांडीवर हात दाबून धरला होता, म्हणून बैठक मोडली नाही.

त्यानंतर एका सकाळी आई गच्चीवर कुरडया घालत होती. मला वर बोलावलं, साडी अंथरायला म्हणून. मग हळूच म्हणाली, "मला एक फोटू पायजे."

"कसला?"

"आपल्यात नवरीच्या आईनं अक्षदा पडताना बघायचं नसतं. माझ्या लग्नात माझी आई गोठ्यामागं जाऊन उभी हुती. मी बी तुळशीपाशी पाठ करून उभी ऱ्हाणार. पन शेवटचं सावधान झालं की पोरीचं तोंड कसं दिसतंय, तेवढं मला बघायचंय. फोटूत बघितलेलं काय बघनं धरत न्हाईत."

"त्यांचे पुण्याचे काढतीलच की."

"त्यांचा अल्बम त्यांच्या घरी जाईल. आन् त्यात समदी हसून बसवलेली. मला तिचं खरं तोंड पायजे. तिला सांगू नको, न्हाईतर तुझ्याकडंच बघत बसंल." सोऱ्या फिरवता फिरवता तिनं वर पाहिलं. "आन् साफ काढ. परवा दाखवलास तो बगळा हाय का उडालेली पिशवी, मला शेवटपातुर कळलं न्हाई."

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण मला हसू आलं नाही. कारण बगळा खरंच पिशवीसारखा आला होता. नव्या लेन्सचे माझे सगळेच फोटो तसे येत होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर झकास दिसायचे, स्टुडिओत येऊन संगणकावर मोठे केले की कडा विरघळलेल्या. एवढी लेन्स घेऊन ही तऱ्हा. आणि सावधान काही पुन्हा होत नसतं. पाखरू दुसऱ्या दिवशी येतं. आईला तिच्या लेकीचा तो क्षण एकदाच मिळणार होता, तोही माझ्या हातून.

मग मी हात धुऊन मागं लागलो. रोज उन्हं कलायच्या आत स्टुडिओ बंद करायचा, घरी वस्तीवर यायचं आणि बहिणीला रानाच्या त्या टोकाला विहिरीजवळ उभं करायचं. डोक्यावर पदर, कपाळाला जुन्या मुंडावळ्या. कारण विचारलं की नवी लेन्स तपासतोय म्हणायचो. ती वैतागायची. "दादा, उन्हात काळी पडले आणि नवरदेव परत गेला तर तूच संभाळ मला!" मी ओरडायचो, हलू नकोस. ती मुद्दाम जीभ काढायची. त्या जिभेचे माझ्याकडं पुष्कळ फोटो आहेत, सगळे धूसर.

हळूहळू चुका सापडत गेल्या. लेन्स जितकी लांब, तितकी हाताची थरथर मोठी होऊन दिसते, म्हणून शटर एकदम वेगात ठेवायचं. लेन्स नुसती हातावर तोलायची नाही, कशावर तरी टेकवायची. धूळ लागू नये म्हणून मी पुढं एक स्वस्तातली काच बसवली होती. ती काढल्याबरोबर चित्र एवढं उजळलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दुपारी तापलेल्या रानावरून काढलेला फोटो कशानंच सुधारत नाही, झळांनी चेहरा पाण्यात बघितल्यासारखा हलतो. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो डोळ्याऐवजी मुंडावळीचे मणी धरतो. मणी स्वच्छ, बहीण गायब. म्हणून फोकसचा एकच बिंदू ठेवायचा आणि तो डोळ्यावर रोखायचा.

लग्नाच्या आठवड्यात एका संध्याकाळी शेवटी जमलं. बहिणीच्या पापण्या वेगवेगळ्या मोजता याव्यात असा फोटो आला. मी एकटाच ओरडलो, "आला रे!" ती धावत बघायला आली, आणि काय म्हणाली? "ई, नाकावरचा तीळ केवढा दिसतोय!" त्या रात्री मला छान झोप लागली.

लग्न वस्तीवरच होतं. ऊस तुटून गेलेल्या रानात मांडव घातला होता. मुहूर्त भर दुपारचा, वैशाखातलं ऊन. मी आधीच मांडवाच्या मागच्या टोकाला, कापडाच्या सावलीत, उसाची ट्रॉली लावून घेतली. मधली सगळी वाट सावलीतून जात होती, म्हणजे झळांचं भय नाही. ट्रॉलीच्या फळीवर तांदळाचं अर्धं पोतं टाकलं, त्यावर लेन्स टेकवली. ट्रॉलीच्या डाव्या अंगाला, पाचसहा पावलांवर आमचा ओटा आणि ओट्यावर तुळस. आई तिथं येऊन उभी राहिली. नवी पैठणी, हातात पाण्याचा तांब्या, मांडवाकडं पाठ. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "नीट काढ रं."

समोर स्टेजवर पुण्याचे फोटोवाले इकडून तिकडं करत होते, त्यांची क्रेन मधूनच माझ्या चौकटीत डोकं घालत होती. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला बहीण. तिच्या मागं मामा उभा, खांद्यांवर हात ठेवून. बहिणीची मान खाली घातलेली. मी बिंदू तिच्या डोळ्यावर आणला. मुंडावळी हलत होती, पण डोळा सापडला. पापणी स्वच्छ. म्हटलं, आता फक्त सावधान होऊ द्या.

पहिलं मंगलाष्टक संपलं. सावधान! आणि माझ्यासमोर अक्षदांचा पडदा उभा राहिला.

आता हे मला कळायला नको होतं का? सांगा! शेकडो लग्नं केली मी. पण ती सगळी स्टेजवर उभं राहून. स्टेजवर अक्षदा अंगावर पडतात, पुसून टाकल्या की झालं. मांडवाच्या शेवटच्या ओळीतून त्या कशा दिसतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. मागची माणसं काही नवरीपर्यंत फेकू शकत नाहीत. ती वर उधळतात आणि पुढच्याच्या टकलावर पाडतात. म्हणजे माझ्या आणि बहिणीच्या मधली अख्खी जागा कुंकवातल्या तांदळांनी भरली. लेन्स घुर्रकन पुढं आली आणि जवळचे तांदूळ धरून बसली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर एकेक दाणा असा रेखीव की त्याचं टोक दिसावं. आणि मागं बहीण म्हणजे नुसता पिवळा डाग.

महिनाभर विहिरीवर मर मर मेलो, त्यात एक मूठ तांदूळ उडवून बघायचं सुचलं नाही! लेन्सबरोबर आलेल्या पुस्तकात पाखरं होती, मोटारी होत्या, फुटबॉल होता. अक्षदा कुठून असणार?

दुसरं मंगलाष्टक सुरू झालं. मी लेन्सच्या कडेची फोकसची कळ सरकवली आणि कॅमेऱ्याचं काम काढून स्वतःच्या हातात घेतलं. आता रिंग मीच फिरवायची, नजर मीच जमवायची, आणि एकदा जमली की हात लावायचा नाही. मग तांदूळ येवोत नाहीतर दगड, लेन्स जागची हलणार नाही. पण बहीण हलली तर? बोटभर पुढं झुकली तरी चेहरा गेला. रिंगेवर घामानं बोटं घसरत होती. सावधान. पुन्हा पडदा. फोटो बघितला, कान साफ, डोळे मऊ, धूसर. जरा पुढं घेतलं. तेवढ्यात ट्रॉली हलली. आमच्या भावकीतले एक आप्पा नीट दिसावं म्हणून चाकावर पाय देऊन वर चढत होते. मी कसा ओरडलो असेन देव जाणे. "आप्पा, खाली उतरा आधी! खाली!" आप्पांनी माझं तोंड बघितलं आणि गुपचूप उतरले. आता ते मला लग्नाच्या पत्रिकाही देत नाहीत.

सुदैवानं नवरदेवाच्या आत्याला गाण्याची हौस होती. मोबाईलमध्ये बघून बघून तिनं एक लांबलचक मंगलाष्टक म्हटलं. लोक कुरकुरत होते, मी मात्र मनातल्या मनात तिच्या पाया पडत होतो. तेवढ्या वेळात मी बहिणीच्या नाकावरचा तो तीळ शोधला. तीळ साफ आला की डोळे साफ येतात, विहिरीवर शिकलो होतो. रिंग केसभर इकडं, केसभर तिकडं. आला तीळ. मी बोट काढून घेतलं आणि श्वाससुद्धा धरला.

शेवटचं सावधान. बँड दणाणला, अंतरपाट सरकला, मी बटण दाबून धरलं. समोर तांदूळच तांदूळ. सगळे नवरदेवाकडं बघत होते, नवरदेव बहिणीकडं बघत होता, आणि तिनं मान वर केली ती भलतीकडंच. क्षणभर. मग हार, टाळ्या, क्रेन मध्ये, संपलं.

मी ट्रॉलीतच खाली बसलो. एकेक फोटो मागं सरकवत गेलो. तांदूळ, तांदूळ, मामाचा फेटा, तांदूळ. आणि मध्येच एक. दोन दाण्यांच्या फटीतून पूर्ण चेहरा. पापण्या, तीळ, डोळ्यात साचलेलं पाणीसुद्धा. लख्ख. पण आनंदात एक खडा होताच. तिनं नवरदेवाकडं तर बघितलं नव्हतंच, माझ्याकडंही बघितलं नव्हतं. नजर लेन्सच्या जराशी बाजूनं गेलेली. ओठ अर्धवट उघडे. कुणीतरी हाक मारली असेल, असं मला वाटलं. अशी नजर चुकलेली असली की आम्ही धंद्यात तो फोटो बाद करतो.

आईला त्या गडबडीत दाखवायला जमलं नाही. पाठवणी झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाले कापडं सोडत होते, तेव्हा मी मोठा करून छापून आणलेला फोटो तिच्या हातात दिला. ती ओट्यावर तुळशीपाशीच बसली होती. चष्मा पुसला, घातला, आणि बघत राहिली.

मी म्हणालो, "साफ आलाय ना? फक्त नजर चुकली गं. माझ्याकडं बघितलं असतं तर..."

"तू कुठं हुतास?"

"ट्रॉलीत. हितं."

आईनं ट्रॉलीकडं बघितलं. मग स्टेजकडं, मग फोटोकडं. "नजर चुकली न्हाई तिची," ती म्हणाली. "ती माझ्याकडं बघतीया."

मी फोटो हातात घेतला. ट्रॉलीच्या डाव्या अंगाला, पाचसहा पावलं. अगदी तिथंच. फोटो जरा जरी मऊ असता तर बुबुळं कुठं वळलीत हे कुणाला कळलं नसतं.

"अक्षदा पडताना माझी पोर मला हुडकत हुती," आई म्हणाली, "आन् तिला माझी पाठ दिसली." मग ती रडली. पाठवणीलासुद्धा जी रडली नव्हती, ती तोंडाला पदर न लावता, मांडववाल्यांसमोर रडली. मी नुसता बाजूला बसलो, आणि मलाही आवरलं नाही.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि उठली. पदर सारखा केला, तांब्या उचलला, काल उभी होती तिथं जाऊन उभी राहिली. पण या वेळी तोंड मांडवाकडं.

"जा," ती म्हणाली. "पोरगी उभी हुती तिथं उभा ऱ्हा. आन् हितनं माझा काढ. मग लगेच धाड तिला."

स्टेजच्या फळ्या अजून काढल्या नव्हत्या. बहिणीची जागा सापडायला अवघड गेलं नाही, तिथं तांदळाचा खच पडला होता. मी त्यावर उभा राहिलो आणि लेन्स पूर्ण ताणली. लांब ओट्यावर आई, आणि ती सरळ माझ्याकडं बघत होती. मी रिंगेला हात घातला, पण मला काही साफ दिसेना. डोळेच भरून आले होते. शेवटी ती कळ पुन्हा मागं सरकवली आणि काम कॅमेऱ्यावर सोडलं. आता मध्ये तांदूळ नव्हते. त्यानं आईचे डोळे एका झटक्यात धरले.