तीन मिठ्या

आमच्या गल्लीतल्या बालवाडीत ईदच्या वेळी बाईंनी मुलांना गळाभेट शिकवली होती. आधी या खांद्याला, मग त्या खांद्याला, पुन्हा या खांद्याला. मुलांना ती इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्याच सणांना लावून टाकली. राखी बांधून झाली की तीन मिठ्या, दहीहंडी फुटली की तीन मिठ्या. कुठल्या सणाचं काय, हे त्या वयाला कुठे ठाऊक असतं?

मग कुणा पालकांनी या मिठ्यांबद्दल तक्रार केली म्हणे. काल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी नातीला आणायला गेलो तेव्हा मुलं एकमेकांना आपट्याची पानं देत होती. सोहेलने आमच्या ओवीला पान दिलं, "सोनं घे" म्हणाला आणि सवयीने दोन्ही हात पसरले. ओवीने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "पान घेतलं ना, आता जागेवर बसा," एवढंच म्हणाल्या. सोहेलचे हात थोडा वेळ तसेच राहिले. पसरलेले हात परत कसे घ्यायचे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

चार वर्षांच्या मुलीला कुणाकडे बघून थांबायचं हे कळू लागलं, तर आता आपण तिला आणखी काय शिकवणार आहोत?

घरी आल्यावर ओवीने ते पान माझ्या हातावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तीनदा मिठी मारू? पण आधी दार लावा."

मी उठलो आणि दार लावलं.