गाडीचं अभ्यंगस्नान

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये कोणतं तेल आहे हे ठाऊक असलेला एकमेव माणूस बोटीत बसून विलायतेला निघून गेला होता.

हा मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीचा साहेब. जाताना त्याने आपली अमेरिकन गाडी विकायला काढली आणि इस्माईलचाचांनी ती अण्णांच्या गळ्यात घातली. अण्णा म्हणजे माझे वडील. महाडात आमची भाताची गिरणी होती आणि चाचांचे ट्रक आमचा तांदूळ मुंबईला न्यायचे, त्यामुळे दोघांचं भावाभावांसारखं चाले. गाडीचा रंग पहाटेच्या आभाळासारखा फिकट निळा. लांबी अशी की तोंड गिरणीच्या दारात आलं तरी शेपूट अजून शेजाऱ्यांच्या अंगणात. ती बाजारपेठेतून तरंगत आली तेव्हा माझं भान हरपलं. (ते तसंही फार घट्ट बसलेलं नसे.) मग ती गिरणीकडे वळली आणि वळताना मोठ्याने रडली.

"अण्णा, ही पावरची स्टेरिंग हाय," चाचा उतरत म्हणाले. "येका बोटानं फिरते."

"मग रडते का?"

"नवीन गावात आली ना. रुळंल हळूहळू."

ती रुळली नाही. सरळ रस्त्यावर गप्प असे, पण चाक वळवलं की वासरू हरवलेल्या म्हशीसारखा हंबरडा फोडी. महाडात सरळ रस्ते कमी. आठवडाभरात आमची गाडी कुठल्या गल्लीत वळली हे लोकांना घरबसल्या कळू लागलं.

अण्णांना याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं, कारण माझा दिवाळसण तोंडावर आला होता. त्याच वैशाखात माझं लग्न झालं होतं. सुमनचं माहेर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट चढून गेलं की वर लागणाऱ्या गावात. सासरे, म्हणजे दादासाहेब, थोडं बोलणारे आणि बोललेलं लक्षात राहील असं बोलणारे. लग्नाच्या बैठकीत मी पाटावर बसलो असताना, मला ऐकू येईल इतक्या बेताने ते अण्णांना म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे. पण जरा स्वप्नाळू वाटतो."

अण्णांनी ते नाकारलं नाही. नाकारणार तरी कसे? मी आदल्याच महिन्यात विचारांच्या नादात आमचं घर सोडून पुढच्या घरात शिरलो होतो, आणि तिथे पाय धुऊन जेवायलाही बसलो होतो. पण तो शब्द माझ्या मनात कुसळासारखा रुतला. दिवाळीला घाट चढून जायचं, स्वतः गाडी चालवत, एका बोटाने. दादासाहेबांनी दारात उभं राहून बघायचं आणि मनातल्या मनात तो शब्द मागे घ्यायचा. एवढंच मला हवं होतं. आणि हंबरडा फोडणाऱ्या गाडीतून हे होण्यासारखं नव्हतं.

बॉनेट उघडून आम्ही पाहिलं तर पट्ट्यावर फिरणारा एक छोटा पंप, त्याच्या डोक्यावर एक डबी आणि डबीच्या तळाशी थोडंसं लालसर तेल. तेल कमी, म्हणून पंप रडतो, इथवर चाचांनी शोध लावला. पण तेल कसलं? चाचांनी वास घेतला आणि ते इंजिनाचं नव्हे असं सांगितलं. अण्णांनी बोटावर घेऊन चोळलं आणि ते गिरणीचं नव्हे असं सांगितलं. मी चष्मा पुसून पाहिलं आणि ते लाल आहे असं सांगितलं.

"मुंबईला विचारतो की कोणाला तरी," चाचा म्हणाले. "पुढच्या खेपेला."

पुढची खेप दिवाळीनंतर होती. तेव्हा मी पदवीधर पुढे आलो. (विज्ञानाचा. तिसऱ्या वर्गात, पण विज्ञानाचा.) मी म्हणालो, नाव कळायची गरजच काय? हे तेल पातळ आहे, तेवढंच पातळ दुसरं तेल शोधायचं, जुनं सगळं काढून टाकायचं आणि नवं भरायचं. मग मी अण्णांचा दाढीचा आरसा अंगणात आणला, वरच्या कडेला ओळीने थेंब ठेवले आणि आरसा तिरका केला. लाल तेल, इंजिनाचं तेल, गिरणीचं काळं तेल, एरंडेल, गोडेतेल आणि मावशीने श्रीवर्धनहून पाठवलेलं घाण्याचं खोबरेल.

दिवाळीआधीचा तो उकाडा. अंगण तापलेलं, गुरं सावलीला, माणसं घामाने थबथबलेली. एरंडेल जागचं हललंच नाही. गिरणीचं तेल निघालं, पण त्याला कुठे पोचायची घाई नव्हती. लाल थेंब आणि खोबरेलाचा थेंब मात्र जोडीने, हातात हात घालून घसरत घसरत आरशाच्या खालच्या कडेला पोचले. तो एक क्षण असा होता की विज्ञान आपल्याला ओळखतं असं वाटलं.

"खोबरेल," मी जाहीर केलं.

"गाडीत?" चाचा म्हणाले. "डोक्यात नाय?"

"शिलाई मशीनला आपण काय घालतो? कुलपाला काय घालतो?"

आमच्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेलच घालत. सुमन दारात उभी होती. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. मला ते कौतुक वाटलं.

मग आम्ही गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलली. पंपाकडे परत येणारी नळी सोडून खाली घमेलं ठेवलं. चाचा आत बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले, मी वरून खोबरेल ओतत राहिलो. आधी काळपट लाल आलं, मग गुलाबी, आणि शेवटी मावशीचं निर्मळ, पाण्यासारखं खोबरेल नळीतून घमेल्यात पडू लागलं. नळी लावली, डबी भरली, इंजिन चालू केलं. चाचांनी चाक वळवलं. गाडीने हुं की चूं केलं नाही.

"वसंता," अण्णा म्हणाले, "तुझ्या शिक्षणाचा खर्च वसूल झाला."

धनत्रयोदशीच्या दुपारी आम्ही दोघं निघालो. त्या प्रवासाची आठवण अजून मनात अशी आहे की खरी होती की पडलेलं स्वप्न, हे मला नीट सांगता येत नाही. सावित्रीच्या काठाने रस्ता, दोन्ही बाजूंना पिकलेली भातं, काही कापून पसरलेली, त्यांचा गोडूस वास. बॉनेट तापलं तसा त्यात खोबरेलाचा वास मिसळला आणि सबंध गाडीला नुकत्याच वेणी घातलेल्या मुलीचा सुगंध सुटला. सुमन काच खाली करून काहीतरी गुणगुणत होती. मी एका बोटाने चाक फिरवत होतो. गाडी वळत नव्हतीच. आम्ही मनात आणत होतो आणि रस्ता आपण होऊन बाजूला सरकत होता.

पोलादपूरला चहाला थांबलो तर हॉटेलवाला हवेत नाक करून बाहेर आला.

"कोणाचं डोकं वासतंय येवढं?"

"गाडीचं," सुमन म्हणाली.

त्याने बॉनेटशी वाकून खात्री करून घेतली. "आमच्या म्हातारीला मिळत नाय ह्ये तेल," तो म्हणाला. "वर थंडी लय हाय. पांघरुणं घेतलाव ना?"

मी हसून सांगितलं की पांघरुणं सासरी असतात.

घाटातली वळणं मी अशी घेतली की घेतल्याचं सुमनला कळलंसुद्धा नाही. खाली दरीत धुकं साचत होतं, वर ऊन सोनेरी होत होतं, आणि इंजिनाच्या उबेने आमचं खोबरेल खुशीत होतं. संध्याकाळी सासरच्या अंगणात गाडी शिरली. दादासाहेब दारात उभेच होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत हात घालून चाक एका बोटाने फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हलकं आहे." दादासाहेबांच्या तोंडून हा शब्द म्हणजे दुसऱ्या कोणी पोवाडा गाण्यासारखं होतं. त्या रात्री मला जी झोप लागली तशी पुन्हा कधी लागली नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे उठवलं तेव्हा दात वाजत होते. जावयाचं पहिलं अभ्यंगस्नान, तेव्हा थाट मोठा. न्हाणीघरात तांब्याचा बंब भरून पाणी उकळत होतं. मला पंचा नेसवून पाटावर बसवलं. मेव्हण्याने डोक्यापासून तळपायापर्यंत तेल चोळलं, वर उटणं थापलं. मी अर्धवट झोपेत, त्या सुगंधात डुलत होतो. तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "अहो, जावईबापूंना म्हणावं, गाडी जरा बाजूला घ्याल का? रांगोळीला जागा हवी."

"मी घेतो की," मी त्याच पंच्यावर उठलो. दादासाहेब कंदील घेऊन बरोबर आले आणि शेजारच्या सीटवर बसले. त्यांना पुन्हा एकदा बोटाने फिरणारं चाक बघायचं होतं, हे मी ओळखलं.

इंजिन चालू झालं. पुढून अशी किंकाळी आली की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. मी गिअर टाकून चाकाला बोट लावलं. चाक हललं नाही. सबंध हात लावला. दोन्ही हात लावले, तर तेलाने माखलेले हात चाकावरून गोल फिरून परत माझ्याच मांडीवर आले. अंगणाला उतार होता. गाडी उजवीकडे वळायची होती, ती सरळ निघाली. सरळ समोर दादासाहेबांचा फरसबीचा मांडव होता.

"वळवा," दादासाहेब म्हणाले.

"वळवतोय."

"कुठे?"

मी ब्रेक दाबला. तेलकट तळपाय ब्रेकवरून सटकला आणि शेजारी जाऊन पडला. दादासाहेबांनी कंदील मांडीत धरून दोन्ही हातांनी चाक ओढलं, मी माझ्या बाजूने ढकललं, आणि सासरा-जावई रथ ओढावा तसे एका चाकाला लोंबकळत, अगदी सावकाश, पहाटेच्या धुक्यात, मांडवात शिरलो. घाई कोणालाच नव्हती. एकेक काठी नमस्कार केल्यासारखी वाकत गेली. वेली काचेवर आल्या, शेंगा खिडकीतून आत आल्या, आणि गाडी थांबली.

सगळे धावत आले. मेव्हण्याने बॉनेट उघडलं. मी डबीचं झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र, घट्ट, लोण्यासारखं काहीतरी बसलं होतं.

सासूबाईंनी त्यात बोट घातलं. "अगोबाई, हे तर खोबरेल. थिजलंय."

थंडीत खोबरेल थिजतं हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. दर हिवाळ्यात मी स्वतः बाटली उन्हात नेऊन ठेवत असे. फक्त बाटलीतलं खोबरेल आणि गाडीतलं खोबरेल ही माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होती.

"तुला माहीत होतं?" मी सुमनला हळूच विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही विचार केला असेल. तुम्ही पदवीधर."

पुढचं सगळं सासूबाईंनी हातात घेतलं. घमेल्यात निखारे आणून पंपाखाली धरले. मग बंबातलं कढत पाणी तांब्यातांब्याने नळीवर, पंपावर, डबीवर सोडलं. वाफा उठल्या, सबंध गावाला खोबरेलाचा वास गेला, आणि गाडीने हळूहळू अंग सैल सोडलं. एक शेजारीण पणती घेऊन आली होती, तिला कोणाला ओवाळायचं ते नीट कळलं नसावं, तिने गाडीला ओवाळलं.

बंब रिकामा झाला तेव्हा डोंगरावर सूर्य आला होता. उगवतीआधी ज्याने स्नान केलं नाही तो नरकात जातो म्हणतात. मी तेल आणि उटणं थापलेला, पंच्यात, फरसबीच्या वेलीत कुडकुडत उभा होतो आणि आमची गाडी न्हाऊन-माखून, चमकत, स्वर्गात निघाली होती. मग मला हौदातल्या गार पाण्याने आंघोळ घातली. ते पाणी मी विसरलो नाही.

भाऊबीज उरकून निघालो तेव्हा चांगलं ऊन होऊ दिलं होतं. गाडी नरम झाली होती, चाक बोटाने फिरत होतं. सुमन आईच्या गळ्यात पडून रडली आणि आत जाऊन बसली. दादासाहेब माझ्या बाजूच्या खिडकीशी आले. मांडवाचा विषय त्यांनी त्या दिवसांत एकदाही काढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटत होती.

"जावईबापू," ते म्हणाले, "बैठकीत मी तुम्हाला स्वप्नाळू म्हणालो होतो."

"हो," मी म्हणालो.

"तो शब्द मी परत घेतो. स्वप्नाळू माणूस झोपेत चुकतो. तुम्ही पूर्ण जागे असता."

घाट उतरेपर्यंत सुमन खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. माहेर सुटल्याचं दुःख, असं मी धरून चाललो. महाडला पोचलो तेव्हा अण्णा गिरणीच्या दारातच उभे होते.

"काय म्हणाले दादासाहेब?"

"मला स्वप्नाळू म्हणाले होते ना," मी चाक एका बोटाने फिरवत सांगितलं, "तो शब्द त्यांनी परत घेतला."