पट्टा चालू हाय

"आवो सर, मपला पाय लागला पोरीला. मंग पाया पडू नको त काय करू?"

"पडा ना लताबाई. पण नंतर. मारून पुढं निघून गेल्यावर."

"नंतर कव्हा? पाय आत्ता लागला, आन पाया काय घरी जाऊन पडू?"

समाजमंदिराच्या हॉलात हशा पिकला. जिला पाय लागला ती अदिबा जाळीच्या टोपातून हसत होती. "काकू, तौबा! माझ्या पाया नका पडू. अम्मीला कळलं तर घरात घेणार नाही मला."

"तुझी अम्मी मपलं गिऱ्हाईक हाय. तिला मी सांगते. तू पाय पुढं कर."

अन् लताबाईंनी हातातली बांबूची तलवार काखेत धरून, वाकून, पोरीच्या पायाला हात लावून कपाळाला लावलाच. तेवढ्या वेळात मागून सराव करत धावत आलेला ओवेस त्यांच्यावर धडकता धडकता राहिला. धनराज सरांनी डोळे मिटून घेतले.

मखमलाबाद रोडला या समाजमंदिराच्या भिंतीला भिंत लावून लताबाई गतीरांची पिठाची गिरणी आहे. बाई पन्नाशीला टेकलेल्या. माहेर घोटीकडचं, भातवाल्यांचं. लग्न होऊन नाशकात आल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण बोली काही शहराला विकली नाही. बोली मऊ करायला माणसाला वेळ लागतो, अन् गिरणीवालीला तो कुठला! दळण सुरू असताना माणूस बोलत नाही, हाळी देतो. बाईंची हाळी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पलीकडं ऐकू जाते असं त्यांचे मालक वाल्मीकराव सांगतात, अन् ते रिक्षा चालवतात, त्यांना अंतराचा अंदाज असतो.

धनराज सर मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते. कंपनीनं जपानला धाडलं, तिथून ते केन्डो, म्हणजे तिकडची तलवारबाजी, शिकून आले. आता शनिवार-रविवार उजाडता उजाडता हॉलात वर्ग घेतात. बांबूच्या चार चिपा बांधलेली तलवार, तिला म्हणायचं शिनाई. ती दोन्ही हातांनी उचलून समोरच्याच्या डोक्यावर, मनगटावर नाहीतर कमरेवर हाणायची, अन् हाणताना कुठं हाणतोय ते बोंबलून सांगायचं. डोकं म्हणजे मेन. हाणताना पुढचा पाय जमिनीवर असा आपटायचा की धरणी हालावी.

धरणी हालो न हालो, गिरणीची भिंत हालायची. खिळ्याला अडकवलेली चाळण खाली पडायची. एका शनिवारी ती नेमकी रात्री दळून ठेवलेल्या बेसनात पडली, तशा लताबाई पदर खोचून भांडायला गेल्या.

"जमीन फोडून राहिले का काय तुम्ही? आमी भिताडात राहतो का बिळात?"

सर पुढं आले, पाय जुळवले अन् कंबरेत वाकून उभे राहिले. वाकलेलेच. बाईंना वाटलं, यांची कंबर धरली.

"इतकं वाकून माफी मागणारा बाप्या म्या जल्मात पाह्यला नव्हता," त्या पुढं सांगायच्या. "भांडायचं काय व्हतं तेच इसरले." मग दारातच उभ्या राहिल्या बघत. पोरं-पोरी ओरडत होती, पण कशी? कॉलेजात हजेरी दिल्यासारखी. बाईंना राहवेना. "आरं, ह्याला वरडणं म्हनत्यात का? मांजर बी नाय पळायची!" अन् दाखवायला म्हणून त्यांनी एकदा "मेऽऽऽन!" केलं. बाहेर फिरायला निघालेले दोन आजोबा जागच्या जागी थांबले, अन् कुत्री भुंकायला लागली.

सर म्हणाले, "उद्यापासून या."

आल्या. पहिल्या दिवशी साडीत, मग लेकीची जुनी ट्रॅकपँट अन् वर मालकांचा शर्ट. वाल्मीकराव म्हणाले, "आता भांडायला बी क्लास लावला का? फुकटात काय कमी पडत व्हतं?" सोबत पैजही लावून ठेवली, की पंधरा दिवसांत बाई क्लास सोडून परत दळायला. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. शिवणक्लास, सायकल, भजनी मंडळ, बाईंनी सगळ्याला हात घातला होता अन् दरवेळी गिरणीनं मागं ओढलं होतं. या वेळी मात्र गिरणी उघडायच्या आत सगळं आटपत होतं. सबब उरली नव्हती.

पण जमत होतं का? आवाज सोडला तर नाही. सर म्हणायचे, पाय उचलू नका, जमिनीवरून सरकवा. बाई म्हणायच्या, "सर, आमच्या खाचरात पाय सरकवला त माणूस नाकावर जातो. चिखलातून पाय उपसायचा आसतो." भाताची आवणी करून वाढलेला पाय तो. हॉलच्या फरशीवर त्या गुडघाभर चिखल असल्यागत चालायच्या. सरांनी त्यांना एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नुसतं सरकायला लावलं, कित्येक सकाळी. बाई कुरकुरल्या, पण सरकल्या, अन् हळूहळू पाय जमिनीला चिकटला.

मग ही पाया पडायची भानगड सुरू झाली. केन्डोत फटका मारून थांबायचं नसतं. मारायचं अन् त्याच वेगानं समोरच्याच्या बाजूनं पुढं निघून जायचं, मग वळून पुन्हा तयार. जाताना पायाला पाय घासतो. बाकीच्यांना कळतही नाही. पण लताबाईंना आईनं शिकवलं होतं, माणसाला पाय लागला की हात लावून कपाळाला लावायचा, मग तो थोर असो का लहान. हे डोक्यात नव्हतं, हातात होतं. पाय लागला की हात निघालाच. एकदा शिनाईला पाय लागला तेव्हा तिच्याही पाया पडल्या. सर खूश झाले. म्हणाले, "हे बरोबर. जपानातपण तलवारीला पाय लावत नाहीत."

"बघा! मंग काठीला चालतं आन माणसाला का नाय?"

सर एवढंच म्हणाले, "मध्येच वाकाल तर कुणीतरी तुमच्या डोक्यात मारेल, अन् तुमच्या डोक्यावर टोप नाही."

टोपाचीच गोष्ट होती. क्लबात नवख्याला चिलखत लगेच मिळत नाही. आधी चिलखतवाल्यावर न थांबता ओळीनं फटके मारून दाखवायचे, तेव्हा सर म्हणणार, घाला. चिलखत नाही तर लढत नाही, नुसती हवा बडवत बसायचं. पुण्याहून एक जुना संच आला होता, बाईंच्या मापाचा. तो पाहिल्यापासून बाईंचा जीव त्याच्यात अडकला होता. दोनदा परीक्षा झाली, दोन्हीदा त्या मध्येच वाकल्या. सरांनी सरळ सांगितलं, "येत्या रविवारी शेवटचं बघतो. नाहीतर संच स्नेहलला देतो, ती पण वाट बघते आहे."

शुक्रवारी अदिबा गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आली. गर्दी होती, जातं फिरवणारा मोटारीचा पट्टा भरात होता. डब्याचं झाकण तिच्या हातातून निसटलं अन् घरंगळत थेट पट्ट्याखाली. पोर उचलायला वाकली, ओढणी पुढं लोंबली.

"ए पोरीऽऽ! पट्टा चालू हाय!"

अदिबा जागीच थिजली. बाईंनी तिला दंडाला धरून मागं ओढलं. "पट्टा चालू आसताना काय बी पडू दे, सोन्याची आंगठी पडू दे, वाकायचं नाय. पट्टा आधी बंद, मंग वाकायचं. माझ्या गिरणीत कुनी वाकलं नाय, मी बी नाय. कळलं?"

"कळलं काकू," अदिबा म्हणाली अन् बाईंकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. दळण घेऊन गेली.

रविवारी वाल्मीकराव मुद्दाम आले, रिक्षा दारात लावून. हात मागं बांधून खिडकीशी उभे. बाईंच्या समोर अदिबा, पुरत्या चिलखतात. सरांनी हात खाली केला.

"मेऽऽन!" पहिला फटका टोपावर टण्णकन बसला. बाई निघून गेल्या, वळल्या. दुसरा बरा बसला. तिसऱ्याला पाय आपटला तो अदिबाच्या अंगठ्यावरच. चांगला कचकन. पोर कळवळली. बाईंचा डावा हात शिनाईवरून सुटला, कंबर वाकायला लागली. खिडकीत वाल्मीकराव पुटपुटले, "झालं."

जाळीआडून अदिबा ओरडली, "काकू, पट्टा चालू आहे!"

हात हवेत थांबला. बाईंचं तोंड असं झालं की जणू खरंच समोर पट्टा फिरतोय. मग हात शिनाईवर परत आला, अन् बाई पुढं सरकल्या, पाय न उचलता, अदिबाच्या बाजूनं थेट भिंतीपर्यंत. वळल्या. "मेऽऽन!" पुन्हा. पुन्हा पाय लागला, पुन्हा निघून गेल्या. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत अपराध्यासारखं पाणी, पण कंबर ताठ. शेवटचा फटका एवढा बसला की पलीकडं गिरणीत चाळण पडल्याचा आवाज आला.

"थांबा," सर म्हणाले. दोघी वाकल्या, शिनाया खाली ठेवल्या.

"सर, पट्टा बंद?" बाईंनी विचारलं.

सरांना आधी कळेना. अदिबानं मान हलवली तसे तेही म्हणाले, "बंद."

मग लताबाई अदिबापुढं गेल्या अन् जितक्यांदा पाय लागला होता तितक्यांदा तिच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. अदिबा "काकू बस, काकू बस" करत मागं सरकत होती, तशा त्याही तिच्या मागं. "उभी ऱ्हाय ना! मोजता मोजता चुकवून राह्यली मला."

संच बाईंना मिळाला. टोप घालून त्या खिडकीशी गेल्या, जाळीतून मालकांना म्हणाल्या, "काय व्हतं वो, पंधरा दिवस?"

"मपली पैज कव्हाच गेली," वाल्मीकराव म्हणाले. "पण आसंच ऱ्हा थोडा वेळ. तोंड झाकल्यावर बरी दिसती."

"भाड्याला जा तुमच्या."

गिरणीपुढं डब्यांची रांग लागली होती. बाईंनी टोप काढून पिठाच्या पोत्यांपासून लांब, वरच्या फळीवर ठेवला. खाली पडलेली चाळण उचलून, फुंकर मारून खिळ्याला अडकवली. पहिला डबा ज्वारीचा होता. तो वरून ओतला, बटन दाबलं, पट्टा सळसळत सुटला अन् बाईंनी हाळी दिली.

"मागं सरा रे समदे! पट्टा चालू हाय!"