फावड्याच्या दांड्याएवढी उंची

तर काल, वारसा म्हणून जपायच्या झाडांची नोंद करायला आलेल्या तपासनीसबाईंना चिंचेपाशी उभं करून आपण उठलो होतो. बिचाऱ्या अजून तिथंच आहेत. जुन्या इस्टेटीतल्या हवेलीसमोरच्या त्या चिंचेला त्यांनी गिरमिट लावलं, तर वीतभर आत गेल्यावर ते नुसतंच फिरायला लागलं. खोड पोकळ. वय मोजायची सोय नाही. बाईंनी वहीत 'मरणपंथाला लागलेलं' असं लिहिलं, आणि तसल्या झाडाला कुणी वारसा म्हणत नाही. मालकांना तिथं मोटारी उभ्या करायला जागा हवीच होती.

उंट्या माळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस साडेसहा फुटी. दाराच्या चौकटीला मुजरा केल्याशिवाय कधी घरात शिरला नाही. तो अवजारांच्या खोलीतून तीन दोऱ्या घेऊन आला. त्यांच्या घरची रीतच होती : काम हाती घेतलं की पहिल्या दिवशी छातीच्या उंचीवर झाडाला दोरी गुंडाळायची, तेवढीच कापायची आणि जपून ठेवायची. आज्याची एक, बापाची एक, त्याची एक.

बाईंनी त्या जमिनीवर पसरल्या. बापाची दोरी लेकाच्या दोरीपेक्षा हातभर लांब.

"झाड आटलं की काय हो?" बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षं पाणी घातलं, आणि आपल्याच दोरीनं झाडाला फास लावला. उंट्यानं खाली बसून दोऱ्या पुन्हा एकीला एक लावून पाहिल्या.

माळीण धुणं वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, मामंजींची छाती म्हणजे तुमची कंबर. झाड खाली जाड असतं, हे माळ्याला मी सांगायचं?"

उंट्या उठला तो थेट बापाच्या फावड्याकडे. प्रत्येकानं दांडा आपल्या छातीइतका कापायचा, हीही घरचीच रीत. फावडं बुंध्याशी उभं केलं, दांड्याच्या टोकाशी बापाची दोरी फिरवली. दोन्ही टोकं भेटेनात. मध्ये हातभर साल उघडी. मग आज्याचं फावडं, आज्याची दोरी. तिथं तर दोन हात.

बाईंनी त्या उघड्या सालीवर तळवा ठेवला आणि वर पाहिलं. पोटात काही नाही, अन् तीन पिढ्या अंग धरतंय. माळणीच्या हातातलं लुगडं तसंच ठिबकत राहिलं.

मग बाईंनी वहीतले 'मरणपंथाला लागलेलं' हे शब्द खोडले. "वारसा म्हणून नोंदवते. पण मोलाच्या रकान्यात काय लिहू?"

उंट्या दोऱ्या गुंडाळत म्हणाला, "लिहा, अजून वाढतंय. आणि पुढच्या खेपेला येताना दोरी जरा लांब आणा."