उलट्या डोंगराची सकाळ

तळ्याकाठच्या त्या तिकोनी घरात मावशींनी एकोणीस वर्षांत किती चादरी बदलल्या, हे त्यांच्या गुडघ्यांनाच विचारावं.

घर म्हणजे काय, तर पत्त्यांचा बंगला करताना पोरं पहिले दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करतात ना, बस तेवढंच. छप्पर वरून निघायचं ते थेट जमिनीला टेकायचं. भिंती दोनच, आणि त्यातली तळ्याकडची अख्खी काचेची. वर माळ्यावर झोपायची गादी. तिथे माणसाने मधोमध उभं राहावं. जरा बाजूला सरकला की कपाळमोक्ष. मावशी उंचीने बेताच्या, त्यामुळे छपराचं आणि त्यांचं कधी भांडण झालं नाही.

गावातून निघणारी पहिली बस त्यांना साडेदहाला वरती सोडायची. अकराला पाहुणे जायचे, तीनला नवे यायचे. मधल्या चार तासांत चादरी उतरवायच्या, मशीनला लावायच्या, काचेसमोर दोरी बांधून उन्हात वाळत घालायच्या, घर पुसायचं, काच लख्ख करायची आणि शेवटी दोरीसुद्धा सोडून ठेवायची. पाहुण्यांच्या नजरेसमोर दोरी येता कामा नये, हा मालकीणबाईंचा दंडक.

आणि जाणारा प्रत्येक पाहुणा किल्ली देताना एकच गोष्ट सांगायचा, की पहाटे समोरचा डोंगर तळ्यात उलटा उतरतो. सांगताना काहींचा आवाज आपोआप खाली यायचा. एक आडदांड ट्रकवाला तर सांगता सांगता रडला होता. मावशी हो हो म्हणायच्या आणि उशांचे अभ्रे काढायला लागायच्या. कारण त्या पोचायच्या तेव्हा वारा सुटलेला असायचा आणि तळ्याला सुरकुत्या पडलेल्या. त्यात डोंगर सोडा, काठावरचं झाडही धड दिसायचं नाही. सुट्टीवरची माणसं तिखटमीठ लावून बोलतात, असं त्या घरी मास्तरांना सांगायच्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसलेले, त्या घराच्या चादरीही त्यांनीच शिवलेल्या, आणि शिंप्याला सगळे मास्तरच म्हणतात. त्यांना पक्कं ठाऊक होतं, की बायकोचं म्हणणं तोंडाचं आहे, मनाचं नाही.

मग डॉक्टरांनी माळ्याचा जिना बंद केला. मालकीणबाईंनी विचारलं, इतक्या वर्षांचं काय देऊ तुम्हाला? मावशींनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं.

"एक रात्र राहू द्या तिथं. रात्र जमत नसेल तर नुसती सकाळ द्या."

घराचं बुकिंग सहा महिने भरलेलं. मधे एकच रात्र मोकळी निघाली. म्हणजे सकाळही एकच.

दोघं शेवटच्या बसने गेली. डोंगर ढगात होता. मावशींना पाहुण्यासारखं बसताच येईना. हात धुतले की नळ पुसायच्या, खुर्चीतून उठल्या की उशी झटकायच्या. डॉक्टरांना कळू न देता, जिन्याची एकेक पायरी बसत बसत त्या माळ्यावर चढल्या. मास्तरांचं डोकं दोनदा आपटलं. कपाळ चोळत ते म्हणाले, या घराचा बेतच चुकलाय, कमरेत ढगळ आणि खांद्यात तंग.

पाचला मावशी जाग्या झाल्या आणि बघतात तर काचेबाहेर धुकं. असं दाट, जणू दुधात बोट बुडवावं. सहा झाले. तेच.

"पाहुण्यांना दिसतो डोंगर," त्या म्हणाल्या. "आपल्याला कशाला दिसेल."

मास्तरांनी समजूत घातली, पण एकोणीस वर्षांचे हात मोकळे बसतात थोडेच. त्या हातांनी मास्तरांना कुशीवर वळवून त्यांच्याखालची चादर काढली, पांघरुणाची काढली, दोन्ही धुतल्या आणि धुक्यातच चाचपत वाळत घातल्या. मग चहा ठेवला. दोघं काचेकडे तोंड करून बसली. चहाच्या वाफेने काचेचा वरचा भाग आणखी धुरकटला. साडेसात झाले, आठ झाले. समोर पांढरंच. उलट धुकं आता जास्त उजळ दिसत होतं. मावशी उठून पिशवी भरायला लागल्या. चष्म्याचं घर तीनदा आत ठेवलं आणि तीनदा बाहेर काढलं.

मास्तर डोळे बारीक करून काचेकडे बघत होते.

"अगं, धुक्याला शिवण असते का?"

मावशींना वाटलं, झोपेत बरळतायत.

"दुहेरी दुमड, बारीक टाका. ही शिवण माझ्या मशीनची आहे."

गुडघे विसरून मावशी धावल्या. दार उघडलं, एक चादर ओढली, दुसरी ओढली, दोन्ही मातीत पडल्या, आणि त्या जिथल्या तिथे थांबल्या.

तळं नव्हतंच तिथे. पायांपुढच्या गवतापाशी डोंगर सुरू होत होता आणि खाली खाली जात होता, वर जितका उंच तितकाच खोल. कड्यावरचं बर्फ वरही झळाळत होतं आणि पार तळाशीही. एक पक्षी वरून गेला, त्याच्याच चालीने एक खालून गेला. दोन्हीकडे सूर्य, दोन्हीकडे आभाळ, आणि कुठेही एवढासा आवाज नाही. मास्तरांनी सवयीने जोड शोधला. सापडला नाही.

मावशींनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. "अहो, पुढं जाऊ नका," त्या कुजबुजल्या. "खाली आभाळ आहे."

मास्तर खरोखरच एक पाऊल मागे आले. दोघं तशीच उभी राहिली. मावशींच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. पाणी दिसलं आणि मावशींनी पुसलं नाही, असं तोवर कधी घडलं नव्हतं.

नऊच्या सुमारास वाऱ्याची पहिली झुळूक आली. खालच्या डोंगराचं शिखर आधी थरथरलं, मग कडे विस्कटले. मास्तर म्हणाले, चादरी मातीने भरल्यात, पुन्हा धुवाव्या लागतील.

"धुवेल कुणीतरी," मावशी म्हणाल्या, आणि गवतात बसल्या.