न्यूझीलंडमध्ये विमलबाईंवर नजर

न्यूझीलंड म्हटले की मला आधी कांद्याचा वास आठवतो. कच्च्या, किंचित घामेजलेल्या कांद्याचा. ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत तो एकाएकी नाकाशी आला आणि मी शेजारी उभ्या असलेल्या विमलबाईंकडे संशयाने पाहिले.

विमलबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. वय बाहत्तर. भाऊजी गेल्यापासून मौद्याजवळच्या खेड्यात, धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, लागून असलेल्या घरात एकट्या राहतात. नागपूरहून आमचा पस्तीस जणांचा जथा निघाला तेव्हा त्यांच्या मुलाने, प्रशांतने, मला बाजूला घेतले होते. “काकू, आई आजकाल लय विसरून राहिली. तुम्ही पंधरा दिवस नजर ठेवा, लिहून ठेवा. जास्त वाटलं तं तिले गावाले नाही राहू देत. इथं माह्या फ्लॅटवर आणतो.” मी मान डोलावली. एका बाईचे घर आपल्या पेनाच्या टोकावर तोलले गेले आहे, हे उमगेपर्यंत विमान सुटले होते.

त्या देशात बाहेरचे फळ, भाजी, मातीचा कणही चालत नाही. दोघींच्या आगमनपत्रांवर ‘खाद्यपदार्थ नाहीत’ असे मीच लिहिले होते. आता पुढे एक कुत्रे सामान हुंगत येत होते.

“बाई, तुमच्याजवळ कांदा आहे का?”

“माहा तं म्या नागपूरलेच प्रशांतजवळ देल्ला. काहून वं?”

मी स्वतःच्या पर्समध्ये हात घातला. निघायच्या दिवशी सकाळी बॅगेचे कुलूप घ्यायला नागपूरच्या गांधीबाग बाजारात गेले होते. बाहेर शेहेचाळीस अंश. ऊन लागू नये म्हणून आम्ही जन्मभर घेतो तसा मीही कांदा जवळ घेतला होता.

पिकल्या केसांच्या अधिकारी बाईंपुढे मी तो आपणहून ठेवला. कशासाठी, असे त्यांनी विचारले. उन्हासाठी, मी म्हणाले. “इथे उद्या सहा अंश असेल,” त्या म्हणाल्या, कागद दुरुस्त केला आणि कांदा दोन बोटांनी उचलून डब्यात टाकला.

“थंडी लागू नये म्हणून आणला असन तिनं,” विमलबाई मागच्या मंडळींना सांगत होत्या.

मी त्या संध्याकाळी डायरी उघडली. कांद्याबद्दल काही लिहिले नाही.

रोटोरुआत जमिनीखाली कोणी मोठे आधण ठेवल्यासारखी माती रटरटते. गंधकाचा वास केसांत बसतो. तिथल्या मूळनिवासी माओरी बाईंनी ‘किआ ओरा’ (नमस्कार, खुशाल असा) म्हणत आमच्या हातांवर जमिनीच्या वाफेत शिजलेली कणसे ठेवली. विमलबाईंनी दाणे सोलत मला हाक मारली, “शांते, मीठ आहे का वं?” माझे नाव सुधा. शांता त्यांची धाकटी बहीण. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. मी लिहिले: पहिली नोंद.

मिलफर्ड साउंडला समुद्र डोंगरांच्या कुशीत शिरून निजला आहे. कड्यांवरून धबधबे पडत होते. होडीत विमलबाईंनी तीनदा विचारले, “हे कोणतं गाव म्हणलं?” दुसरी नोंद. हॉटेलात त्यांनी दुसऱ्याच खोलीचे दार ठोठावले. तिसरी. तिथल्या पाण्याचा रंग मला सांगता येणार नाही; विमलबाईंच्या शालीचा सांगता येईल. जांभळी, पिवळ्या काठाची. गर्दीत मी फक्त तेवढेच शोधत असे.

“रोज काय लिहून राहिली वं?” त्या विचारत.

“प्रवासवर्णन.”

“लिही बापा, लिही.”

एका सकाळी डायरीतली खुणेची दोरी भलत्याच, पहिल्या नोंदीच्या पानात सापडली. मी ते मनावर घेतले नाही.

बाराव्या दिवशी, टेकापो सरोवराच्या वाटेवर, आम्ही मेंढ्यांच्या एका कुरणावर थांबलो. पानगळीच्या ऋतूतली पॉप्लरची झाडे हळदीसारखी पिवळी. गोठ्याच्या आडोशाला एक मेंढपाळ मेंढीला मांडीशी टेकवून लोकर उतरवत होता. ओल्या लोकरीचा तेलकट, उबदार वास सुटला होता. विमलबाई काहीतरी बोलल्या. मी डायरीत मान घालून “हं” म्हणाले. मान वर केली तेव्हा जांभळी शाल नव्हती.

गोठ्यामागे नाही. स्वच्छतागृहात नाही. कुंपणापलीकडे उतार होता आणि तळाशी ओढा वाजत होता. प्रशांतला काय सांगू? मी उतार उतरले, ओढ्याकाठाने हाका मारत गेले. धुके आले. वळले तर कुंपण कुठले, गोठा कुठला, काही कळेना. फोन बसमध्ये राहिला होता. चारी बाजूंना मेंढ्या तोंड न थांबवता माझ्याकडे पाहत होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. दूर एक शीळ ऐकू आली, मेंढपाळाने कुत्र्याला घातलेली. तिच्या रोखाने चिखल तुडवत मी रस्त्यावर आले.

बस उभी होती. दार उघडे होते आणि दाराच्या खालच्या पायरीवर, जांभळी शाल डोक्यावरून घेऊन, विमलबाई बसल्या होत्या. चालक घड्याळ दाखवत होता. आमचे टूर मॅनेजर हात जोडून विनवत होते, “मावशी, आत या. दोघं इथे थांबून शोधतील, गाडीला तरी पुढे जाऊ द्या.”

“गाडी न्यायची असन तं माह्या अंगावरून नेजो,” त्या म्हणत होत्या. “माही जाऊ आल्याबिगर हे दार लागत नाही.”

मग त्यांना मी दिसले.

“कुठं गेलती वं? मी बसमधी जाऊन राहिली म्हणून तुले सांगतलं नाही का? ‘हं’ म्हणली तू!”

शालीच्या टोकाने त्या माझ्या साडीवरचा चिखल पुसत राहिल्या.

परतीच्या विमानात मी डायरी उघडली. विमलबाईंच्या तीन नोंदींखाली माझ्या लिहिल्या: कांदा, सांगितलेले न ऐकणे, फोन बसमध्ये, वाट चुकणे. प्रशांतची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. ‘शांते’ ही ती हाक अजून माझ्या कानात आहे. पण पान आता दोघींचे होते.

नागपुरात प्रशांतने ते उभ्याउभ्याच वाचले. दुसऱ्यांदा वाचले. “काकू, मग तं तुम्हालेही फ्लॅटवर आणा लागते,” तो म्हणाला. हसला, मग डायरी मिटून माझ्या हाती दिली. “रोज सकाळी फोन करीन तिले. दिवाळीपावतर गावालेच राहू दे, मग पाहू.” त्याने गाडी मौद्याच्या रस्त्याला घातली.

वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या. उन्हाने करपलेल्या बांध्यांचा वास उघड्या काचेतून आत आला आणि पंधरा दिवसांत प्रथमच माझा श्वास पुरता खाली उतरला. दुसऱ्यावर नजर ठेवणाऱ्याला आपली वाट दिसत नाही. एवढे शिकायला मला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले.

विमलबाईंनी कमरेची किल्ली काढली. कुलूप एका फिरकीत उघडले. मग त्या परत गाडीच्या खिडकीशी आल्या, माझ्या मांडीवरच्या डायरीकडे पाहिले, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसत विचारले,

“लिहलं?”